भिंगारदिवे विराम

आपल्या नवऱ्याची नजर वैजयंतीला दुसऱ्या बाईच्या डोळ्यांत पहिल्यांदा दिसली, तेव्हा ती डब्यातली थालीपिठं बशीत काढत होती.

समोर मृणाल सोनटक्के बसली होती, सावेडीच्या केंद्रात शिकणारी. पस्तिशीची, केस वर गुंडाळलेले, डोळ्यांवर केंद्राचा जाड काड्यांचा चष्मा. टेबलावर महायुद्धातला एक जुना फोटो होता. वाळू, एक रणगाडा आणि त्याला टेकून उभे असलेले जवान. मृणालने आधी खालची चाकं पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा मागे. मग साखळीचा पट्टा कुठे सैल पडलाय ते. मग कुठे वर तोफेकडे, तेही उगाच, आलोय तर भेटून जावं तसं. मान किंचित उजवीकडे कललेली. शेवटी फोटोवरची नजर उचलून तिने डावीकडे, जरा खाली, क्षणभर रिकाम्या फरशीकडे पाहिलं आणि म्हणाली, "व्हॅलेंटाइन. पहिलं आणि शेवटचं चाक मोठं, मधली लहान. म्हणजे हे आजोबा आफ्रिकेच्या आघाडीवर होते."

"शाबास," शशिकांत म्हणाला. त्याला फोटो दिसत नव्हता, पण चाकांचं वर्णन ऐकून त्याचा चेहरा असा फुलला, की वैजयंतीच्या हातातलं थालीपीठ बशीऐवजी टेबलावर पडलं.

ती कललेली मान तिची होती. म्हणजे शशिकांतची, म्हणून तिची. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही ती अशीच कललेली होती, आणि मावशी हळूच म्हणाल्या होत्या, मुलाच्या मानेत काही दोष तर नाही ना बघा.

शशिकांत भिंगारदिवे नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. नगरला रणगाडे म्हणजे इतर गावांत बैल असतात तसे, येता-जाता दिसणारे. त्याला त्यांच्या आकारांचा नाद लागला, मग विमानांचा, मग जुन्या युद्धांतल्या फोटोंचा. पोरांना तो सांगायचा, "तोफ दिसण्यासाठी असते, चाकं चालण्यासाठी. म्हणून आधी चाकं." फोटोवर तळहात ठेवून तो सगळ्यात उठून दिसणारा भाग झाकायचा आणि उरलेल्यावरून ओळखायचा. पाठीला पोक आणि पोटाखाली मधोमध खोकं, म्हणजे हरिकेन. तेच पंखांखाली, म्हणजे स्पिटफायर. निवृत्त झाल्यावर जेवणाचं टेबल त्याचं झालं आणि जेवण गॅलरीत गेलं.

हे सगळं छंदापुरतं राहिलं असतं. पण त्याच सुमारास बनावट फोटोंचा पूर आला. कुणीही बसल्या जागी पणजोबांना हव्या त्या रणगाड्यावर चढवून द्यायचं, आणि तेच फोटो खाऊन खाऊन मोठी झालेली ओळखयंत्रं खरे फोटोही खोट्यासारखे वाचायला लागली. न झालेल्या लढाईतलं न झालेलं विमान ती ठामपणे ओळखायची. शेवटी संग्रहालयांनी ठरवलं, निवाडा माणसाच्या डोळ्याचाच. आणि लक्षात आलं, असे डोळे फार थोडे उरलेत. जे आहेत त्यांनाही मोतीबिंदू वगैरे झालेला.

म्हणून नगरच्याच सावेडी भागात नजरसंग्रह केंद्र निघालं. डॉक्टर इनामदार त्याचे प्रमुख. उंच, बारीक, आणि चहात बिस्किट बुडवून विसरणारे. वैजयंतीला त्यांनी पहिल्या भेटीत समजावून सांगितलं होतं ते असं. डोळा काही पाण्यासारखा वाहत नाही, बेडकासारखा उड्या मारतो. एका जागी टेकतो, पाहतो, दुसरीकडे उडी. नवख्याच्या उड्या कुठेही पडतात. जाणकाराच्या उड्यांना वाट असते, आणि ती वाट त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. ज्ञान म्हणतो ते बरंचसं या वाटेतच असतं. केंद्राचा चष्मा जाणकाराची वाट टिपून घेतो. मग शिकणाऱ्याला तसाच चष्मा देतात. त्यात नजरेच्या कडेला, योग्य जागी, इतकी फिकट टिमटिम होते की बघायला जावं तर नाही. पण डोळा आपणहून तिकडे उडी मारतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं, मीच पाहिलं. काही महिन्यांनी चष्मा काढून ठेवला तरी डोळे त्याच वाटेने जातात.

"म्हणजे पाऊलवाट," वैजयंती म्हणाली होती.

"अगदी तीच," इनामदार खूश होऊन म्हणाले होते, आणि त्यांचं बिस्किट चहात पडलं होतं.

तेव्हा शशिकांतचे डोळे जेमतेम शाबूत होते. पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, आणि त्यावर उपाय म्हणून डॉक्टरांनी जे जे सांगितलं त्याने फक्त वेग कमी झाला. केंद्राच्या खोलीत त्याची नजर बुजायची, म्हणून टिपण्याचं काम घरीच झालं, जेवणाच्या टेबलावर. एक अख्खा हिवाळा तो चष्मा लावून फोटो बघत होता, नावं घेत होता, चष्मा नजर आणि आवाज दोन्ही साठवत होता, आणि वैजयंती शेजारी आपली भाजी निवडत होती. हिवाळा संपला, आणि उन्हाळ्यात नजरेचा मधला ठिपका विझला.

आता ती वाट मृणालच्या डोळ्यांत होती.

परत जाताना रिक्षात शशिकांत म्हणाला, "किती छान बघते नाही मृणाल?"

"तुमच्यासारखीच."

"हो ना. मला ऐकूनच कळतं, कुठून कुठे गेली ते."

"जेवतेही तुमच्यासारखी. तुमच्या वाटणीची दोन खाल्ली तिने."

"अगं, दुपारची भुकेली असते पोर."

"मी कुठे काय म्हटलं?"

भिंगारदिव्यांच्या घरात 'मी कुठे काय म्हटलं' याचा अर्थ, बरंच काही म्हणून झालेलं आहे.

वैजयंतीला स्वतःची लाज वाटत नव्हती असं नाही. मृणाल चांगली मुलगी होती. सर, सर करायची, वैजयंतीला काकू म्हणायची, येताना तिळाच्या वड्या आणायची. मत्सर करायला काहीतरी धड कारण लागतं. ते सापडत नव्हतं म्हणून तो जास्तच होत होता. चिठ्ठी नाही, चोरटा फोन नाही, नवरा साठीच्या पुढचा आणि अर्धा आंधळा. भांडावं तर कशावरून? पण शशिकांतच्या सगळ्या वस्तूंत एकच खरी त्याची होती, ती ही नजर. घड्याळ सासऱ्यांचं, घर बँकेचं. आणि ती नजर आता सावेडीत बसून थालीपिठं खात होती.

एकदा भाजीबाजारात तिने मृणालला लांबून पाहिलं. मृणाल वांगी घेत होती. एकेक वांगं उलटं करून आधी देठ, मग बूड, मग कुठे अंग. जगात सगळे आधी वांग्याचं अंग बघतात. देठापासून सुरुवात करणारा माणूस वैजयंतीला एकच माहीत होता. वाट रणगाड्यांपुरती थांबली नव्हती, ती भाजीत शिरली होती.

"काय घेतलंस?" घरी शशिकांतने विचारलं.

"काही नाही. वांगी बरी नव्हती."

मग इनामदारांनी सगळ्यांना व्याख्यानाला बोलावलं. केंद्राच्या छोट्या सभागृहात शिकणारे, संग्रहालयांचे लोक, दोन-तीन बातमीदार. शशिकांतला पुढच्या रांगेत बसवलं, शेजारी वैजयंती.

"आम्हाला एक नवी गोष्ट सापडली आहे," इनामदार म्हणाले. पडद्यावर एक जुना फोटो आला आणि त्यावर हिरवी रेघ धावू लागली. चाक, चाक, पट्टा, कडा, तोफ. आणि मग रेघ फोटोच्या बाहेर गेली. डावीकडे, खाली. तिथे टेकली. मग नाव. दुसरा फोटो, विमानाचा. रेघ पोटावरून पंखावर, शेपटीवर, आणि पुन्हा डावीकडे, खाली, बाहेर. तिसरा. चौथा. सगळे.

"आधी आम्हाला वाटलं, उपकरणाची चूक. पण एकही फोटो याला अपवाद नाही. निर्णय घेण्याच्या अगदी आधी सरांचा डोळा चित्र सोडून एका रिकाम्या जागेवर जातो. आमचं म्हणणं असं, की मेंदू इथे डोळ्यांसमोरचं चित्र पुसतो आणि आठवणीतल्या आकाराशी ताडून पाहतो. इतक्या उच्च दर्जाच्या जाणकारातच हे आढळतं. आम्ही याला नाव दिलंय, भिंगारदिवे विराम." टाळ्या झाल्या. "आमचे सगळे विद्यार्थी आता तो घेतात. इथे मृणाल, बेळगावात, डेहराडूनला, जबलपूरला. पुढच्या महिन्यात हा अभ्यासक्रम कायमचा मोहोरबंद होऊन देशभर जाईल."

शशिकांतने वैजयंतीचा हात दाबला. आयुष्यभर पोरांनी काढलेल्या डोंगरांना आणि झोपड्यांना गुण दिलेल्या माणसाचं नाव विज्ञानात गेलं होतं.

वैजयंती मात्र पडद्यावरच्या रेघेच्या टोकाकडे बघत होती. जेवणाचं टेबल तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. उजवीकडे खिडकी. समोर फोटो. डावीकडे, जरा खाली, कारण ती बुटकी होती आणि खुर्चीही.

रिकामी जागा कुठली? तिथे मी बसत होते.

तिला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. कारण लगेच दुसरं लक्षात आलं. म्हणजे मृणाल जिथे बघते ती फरशी नाही. बेळगावचा कोण, जबलपूरचा कोण, सगळे दिवसभर तिच्याकडे बघताहेत. तिच्या नवऱ्याने तिच्याकडे टाकलेली नजर उद्या चष्म्यात घालून गावोगाव वाटणार.

खात्री करायला ती दोन दिवसांनी एकटीच केंद्रात गेली. मृणाल कामात होती. वैजयंतीने एक बसकं स्टूल ओढलं आणि तिच्या डावीकडे बसली.

"काकू, तिथे कशाला? खुर्ची आहे ना."

"इथेच बरं आहे. तू कर तुझं."

मृणालने फोटो घेतला. चाकं, पट्टा, कडा. मान कलली. आणि तिचे डोळे फोटोवरून उठून डावीकडे खाली आले. आजवर तिथे फरशी होती, आज वैजयंतीचा चेहरा.

ती नजर तिने कधीच पाहिली नव्हती. पाहणार कशी? नवरा तिच्याकडे बघायचा तेव्हा तिची मान भाजीत असायची. तिला वाटायचं, हा माणूस दिवसच्या दिवस शेजारी बसतो आणि एकदाही मान वर करून बघत नाही. यावरून तिने टोमणे मारले होते, अबोला धरला होता, एकदा तर माहेरी गेली होती. आणि इथे परक्या मुलीच्या डोळ्यांतून ती नजर आली. त्यात थोडी भीती होती, थोडा हट्ट, आणि 'बरोबर आहे ना गं?' असं काहीतरी. पोरकं पोर बघेल तशी, आणि घरचा माणूस बघेल तशीही.

"शर्मन," मृणाल म्हणाली. मग चष्मा काढून, "काकू, काय झालं?"

"काही नाही. पुढचा घे."

ती दुपारभर बसून राहिली. मृणालचे फोटो संपले तेव्हा म्हणाली, "मागचे पुन्हा घे." मृणालने घेतले. वैजयंतीला त्या मुलीचा इतका राग कधीच आला नव्हता, आणि उठवतही नव्हतं.

घरी आल्यावर तिने शशिकांतला सगळं सांगितलं. तो गॅलरीत रेडिओ लावून बसला होता. रेडिओ बंद करून म्हणाला, "काहीतरीच."

"काहीतरीच काय? माझीच खुर्ची ती."

त्याने बंद रेडिओची एरियल आत ढकलली. मग म्हणाला, "तू थांबायचीस."

"कुठे थांबायचे?"

"गवार मोडता मोडता थांबायचीस. मी चुकीचं नाव ठासून घेणार असलो की तुझे हात थांबायचे. मग मी पुन्हा बघायचो."

"मला काय कळतं त्यातलं? मला तो शर्मन आणि शेजारचा ट्रॅक्टर एकच."

"रणगाड्यातलं नाही गं. माझ्यातलं."

हे मात्र खरं होतं. शशिकांतला खात्री नसली की तो 'हं, हं' असं दोनदा म्हणायचा, आणि ते दुसरं 'हं' ऐकलं की वैजयंतीचा हात आपसूक थबकायचा. आता हा काहीतरी घोळ घालणार, एवढंच तिला कळायचं. लाइटबिलाच्या वेळीही हेच, मुलीच्या स्थळाच्या वेळीही.

"म्हणजे कामापुरतं बघत होतात," ती म्हणाली.

"सुरुवातीला." तो खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिला. "इनामदार म्हणाले ना, सगळ्या फोटोंत. ज्यांत माझी शंभर टक्के खात्री होती त्यांतसुद्धा. त्यांत कशाला बघितलं असेल मी?"

वैजयंतीने दोरीवरचे टॉवेल खसाखसा ओढून काढले, कारण तिला अजून भांडायचं होतं.

"मग सांगा त्यांना. काढून टाका म्हणावं."

"वैजू, नाव जाईल माझं. व्याख्यान झालं, पेपरात आलं. डोळे गेले, आता एवढंच तर..." तो थांबला. "आणि मृणाल काय म्हणेल?"

एवढं शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. त्याआधी तिचा निम्मा राग उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं इनामदारांसमोर बसली होती. मृणालही होती, कारण ती तिथे असायचीच. वैजयंतीने न अडखळता सांगितलं. खुर्ची, गवार, दुसरं 'हं'. इनामदारांनी आधी हसून घेतलं, मग त्या हिवाळ्यातली एक नोंद लावली. चष्म्याने टिपलेला आवाज खोलीभर झाला. कट, कट, कट. शशिकांतचं 'हं'. कट. पुन्हा 'हं'. मग शांतता. पडद्यावर हिरवी रेघ डावीकडे गेली, परत आली, रणगाड्याच्या बुरुजावर फिरली, आणि शशिकांतने ओठावर आलेलं 'ग्रँट' गिळून बरोबर नाव घेतलं, 'ली'. कट, कट, कट.

त्यांनी आणखी नोंदी लावल्या. शेवटी इनामदारांनी टेबलावर दोन्ही हात पसरले. देशभर निघालेला त्यांचा सिद्धांत गवारीच्या शेंगेने मोडला होता. पण माणूस खरा शास्त्रज्ञ होता. थोड्या वेळाने त्यांचे डोळे पुन्हा चमकायला लागले.

"वहिनी, हे तर त्याहून मोठं आहे. जाणकार एकटा नव्हताच, ती जोडी होती. आपण तुमचंही नाव घालू. भिंगारदिवे दांपत्य विराम."

"नाव नको," वैजयंती म्हणाली. "काढा ते."

"पण हा शोध आहे."

"असेल. लिहा तुम्ही, हवं तसं लिहा. पण ते लोकांच्या डोळ्यांत घालू नका. रणगाडा शिकवा, विमान शिकवा. माझ्याकडे कसं बघायचं ते कुणाला शिकायची गरज नाही."

मृणालने खाली बघितलं. तिचे कान लाल झाले होते. आपण इतके दिवस कुणाच्या घरात डोकावत होतो ते तिला आत्ता कळत होतं.

इनामदार शशिकांतकडे वळले. "नियमाप्रमाणे तुमचा शब्द शेवटचा, सर. चुकून टिपलं गेलेलं खाजगी काही काढून घ्यायचा हक्क नजर देणाऱ्यालाच आहे. काढलं तर विराम राहणार नाही. अभ्यासक्रमावर नजर देणारा म्हणून तुमचं नाव राहील, पण विरामाला नाही. तो तुमचा खास म्हणून गाजलाय."

वैजयंती त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर तिच्या कानाच्या पलीकडे, खिडकीच्या गजांवर होती. म्हणजे हा नाही म्हणणार, तिला वाटलं. मग तिला आठवलं. मधला ठिपका विझल्यापासून त्याला समोरचं दिसत नाही, कडेचंच दिसतं. एखादी गोष्ट बघायची तर त्याला तिच्या बाजूला बघावं लागतं. तो खिडकीकडे बघत होता, म्हणजे तिच्याकडेच बघत होता, जितकं उरलं होतं तितक्याने.

"काढा, डॉक्टर," तो म्हणाला.

घरी जेवताना आमटीत मीठ कमी आहे म्हणाला. नव्हतं. दोन दिवस तो फुगून होता आणि वैजयंतीने ते होऊ दिलं, कारण त्याने खरंच काहीतरी दिलं होतं, आणि दिलेल्याचं थोडं दुःख करायला माणसाला मोकळीक हवी.

अभ्यासक्रम दुरुस्त झाला. शिकणाऱ्यांचे डोळे फोटोच्या बाहेर निघाले की टिमटिम त्यांना परत आत आणायची. काही आठवड्यांत ती सवय मोडली. त्यानंतर एका सकाळी मृणालचा फोन आला.

"सर झोपलेत," वैजयंती म्हणाली. शशिकांत समोर बसून दाढी करत होता.

"नाही, तुमच्याशीच बोलायचंय काकू. चुका वाढल्या नाहीत बरं का. उलट वेळ वाचतो."

"छान झालं की."

"हो." मृणाल घुटमळली. "पण नाव घेताना कसंतरी होतं. सगळं दिसतं, चाकं, पट्टा, सगळं जुळतं, नाव ओठावर येतं, आणि मग कळत नाही कुणाला सांगू. आधी असं होत नव्हतं. आधी तिथे काहीच नव्हतं, पण कुणीतरी आहेसं वाटायचं."

वैजयंती फोन कानाला धरून उभी राहिली. या मुलीने काही महिने तिचं घर डोळ्यांत वागवलं होतं, न विचारता, न कळता, आणि आता ते रिकामं करून दिलं होतं. भाडेकरूसुद्धा जाताना इतकं हळवं होत नाही.

"ते चष्म्यात मिळत नाही, बाळ," ती म्हणाली. "ज्याचं त्याने शोधून आणून बसवायचं असतं शेजारी."

"ते कळतंय काकू. पण तोवर... मंगळवारी, शुक्रवारी, तुम्हाला जमेल तेव्हा. तुम्ही याल का बसायला? त्या दिवशी बसला होतात तशा?"

समोर शशिकांतने वस्तरा थांबवला होता. ऐकत होता लबाड. वैजयंतीने त्याच्या फेसाने माखलेल्या गालाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. इतक्या मायेने ती आजवर कुणाला नाही म्हणाली नव्हती.